‘मॅडम’ : एका उसन्या संबोधनाची कुळकथा

पेडणे तालुक्यातील मांद्रे हे समुद्राकाठचे गाव. या गावात ‘मॅडम’ हा शब्द आज तीन ठिकाणी हमखास ऐकू येतो. शाळेत मुले शिक्षिकेला मॅडम म्हणतात. पंचायतीत किंवा बँकेत काम घेऊन गेलेला माणूस खुर्चीवर बसलेल्या बाईंना मॅडम म्हणतो. किनाऱ्यावर कपडे वा शहाळी विकणारा पोरगा परदेशी पाहुणीला मॅडम म्हणूनच हाक घालतो. याच गावात घरातल्या मुलीला ‘बाय’ म्हणतात, शेजारणीला काकी किंवा वहिनी म्हणतात, आणि डोक्यावर माशांची पाटी घेऊन दारी येणाऱ्या स्त्रीला मात्र कोणीही मॅडम म्हणत नाही.

एवढ्या निरीक्षणातून तीन प्रश्न निघतात. हा शब्द आला कोठून? मूळ इंग्रजीत तो कसा वापरतात, आणि आपण कसा वापरतो? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : तो कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही? या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

घराची स्वामिनी

‘मॅडम’ हा शब्द आपण इंग्रजीकडून घेतला असला तरी तो इंग्रजीच्याही घरचा नाही. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचमध्ये ‘मा दाम’ म्हणजे ‘माझी स्वामिनी’. त्यातला ‘दाम’ हा लॅटिनमधील ‘दोमिना’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. ‘दोमिना’ म्हणजे घराची धनीण, आणि तिच्या मुळाशी ‘दोमुस’ म्हणजे घर हा शब्द आहे. आपल्याकडे ‘गृह’ शब्दावरून ‘गृहिणी’ झाला, तसाच हा प्रकार.

संस्कृत जाणणाऱ्यांना येथे एक ओळखीची खूण सापडेल. ऋग्वेदात ‘दम’ म्हणजे घर. त्यावरूनच ‘दम्पती’ हा शब्द झाला : घराचे दोघे धनी, म्हणजे पती आणि पत्नी. लॅटिनमधील ‘दोमुस’ आणि वेदातील ‘दम’ ही एकाच मूळ धातूची अपत्ये आहेत, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. तेव्हा लग्नपत्रिकेतील ‘दांपत्य’ आणि शाळेतील ‘मॅडम’ यांचे नाते फार दूरचे असले तरी रक्ताचे आहे. आपण परका म्हणून घेतलेला शब्द पुष्कळ पिढ्यांपूर्वी घराबाहेर पडलेल्या चुलत घराण्यातला निघतो.

गोव्यात आधी आलेली बहीण

लॅटिन ‘दोमिना’ला युरोपात अनेक मुली झाल्या. इटालियन भाषेत ‘मदोन्ना’, स्पॅनिशमध्ये ‘दोन्या’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘दोना’. यांतील ‘दोना’ गोव्यात इंग्रजी ‘मॅडम’च्या कितीतरी आधी पोहोचली. पणजीजवळच्या दोनापावल या ठिकाणाच्या नावात ती आजही आहे. पोर्तुगीजमध्ये ‘दोना’ स्त्रीच्या स्वतःच्या नावाआधी लागते, जसे दोना मारिया. पूर्वी हा मान राजघराण्यातील व सरदार घराण्यातील स्त्रियांचा होता. पुढे तो प्रतिष्ठित स्त्रीसाठी सर्रास वापरात आला. गृहिणीला पोर्तुगीजमध्ये ‘दोना द काझा’ म्हणतात, म्हणजे घराची धनीण. मूळ अर्थ तेथे जसाच्या तसा टिकून आहे.

पेडणे तालुका मात्र १७८८ साली, म्हणजे ‘नव्या काबिजादीं’त, पोर्तुगीजांकडे गेला. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथे पोर्तुगीज भाषा व रीतिरिवाज जितके खोल गेले तितके ते पेडणे-डिचोलीकडे गेले नाहीत. येथे कीर्तन, देवळाचा व्यवहार आणि शिक्षण यांत मराठी टिकून राहिली. म्हणून ‘दोना’ हे संबोधन मांद्रेसारख्या गावात घरोघरी रुजले नाही.

दुसरा एक उसना शब्द मात्र साऱ्या गोव्यात रुजला, आणि तोही अत्यंत आदराचा. तो म्हणजे ‘सायबीण’. अरबी ‘साहिब’ या शब्दाला आपलाच ‘ईण’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय लावून तो झाला. ख्रिस्ती गोमंतकीय मारियामातेला सायबीण म्हणतात. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन जातात. लोकश्रद्धेप्रमाणे ही सायबीण म्हणजे सात बहिणींपैकी मीराबाई. तिच्या इतर बहिणींत डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि मांद्रेच्या शेजारच्या मोरजीची मोरजाई यांची नावे घेतात. या नावांच्या शेवटी ‘आई’ किंवा ‘बाई’ कशी येते ते पाहावे. या भूमीत ‘बाई’ हा शब्द देवतेच्या नावाला शोभणारा होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाची आहे.

इंग्रजीतील चढउतार

इंग्रजीत ‘मॅडम’ शिरला तो उच्चकुलीन स्त्रीचा मान म्हणून. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये मठाची प्रमुख असलेली संन्यासिनी या पदवीने ओळखली जाते. शहरातील कारागीर-व्यापाऱ्यांच्या बायकांनाही आपल्याला कोणी तसे म्हटले तर फार आवडे, असे चॉसर थोड्या मिस्किलपणे सुचवतो. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही हा शब्द वरच्या पायरीवर बसलेला होता आणि खालच्या पायरीवरचे त्याच्याकडे डोळे लावून होते.

सतराव्या शतकात त्याचे ‘मॅम’ हे तोकडे रूप पडले. इंग्लंडच्या दरबारात राणीला पहिल्या वेळी ‘युअर मॅजेस्टी’ आणि त्यानंतर ‘मॅम’ म्हणण्याचा रिवाज दुसऱ्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत, म्हणजे २०२२ पर्यंत, होता. आणि तो उच्चार ‘जॅम’शी जुळला पाहिजे, अशी ताकीद पाहुण्यांना दिली जाई. ब्रिटिश पोलीस व सैन्य यांत वरिष्ठ स्त्री-अधिकाऱ्यांना ‘मॅम’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात तर मुलाने आईला ‘येस, मॅम’ म्हणणे हा साध्या शिष्टाचाराचा भाग आहे.

एकीकडे राणीपर्यंत पोहोचलेला हा शब्द दुसरीकडे घसरलाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत कुंटणखाना चालविणाऱ्या स्त्रीला ‘मॅडम’ म्हणू लागले. हुकूम गाजविणाऱ्या लहान मुलीला ‘लिटल मॅडम’ असे टोचून म्हणतात. ‘मिस्ट्रेस’ या शब्दाचेही असेच झाले. त्याचाच संक्षेप होऊन ‘मिसेस’ आणि ‘मिस’ ही सभ्य रूपे झाली, पण मूळ शब्दाला ‘ठेवलेली बाई’ असा अर्थ चिकटला. ‘हाउसवाइफ’ या शब्दापासून निघालेला ‘हझी’ हा शब्द उठवळ स्त्रीसाठी वापरात आला. या उलट ‘मास्टर’ आणि ‘सर’ यांच्या वाट्याला अशी अधोगती आली नाही. स्त्रीचा मान दाखविणारे शब्द पुरुषांच्या शब्दांपेक्षा लवकर मळतात, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी अनेक भाषांत नोंदविली आहे. दोष अर्थात शब्दाचा नव्हे. समाजाची दृष्टी शब्दात उतरते.

मेमसाहेब, मॅडमसाहेब आणि दोरेसानी

इंग्रज हिंदुस्थानात आल्यावर ‘मॅम’ला नवा जोडीदार मिळाला. ‘मॅम’ आणि ‘साहेब’ मिळून ‘मेमसाहेब’ झाली. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कोशात तिची नोंद आहे. ‘मेमसाहेब’ हा शब्द बंगाल इलाख्यात चालतो, मुंबईकडे ‘मॅडमसाहेब’ म्हणतात आणि मद्रासकडे ‘दोरेसानी’, असे कोशकार सांगतात. कन्नड वाचकांना यातील शेवटचा शब्द सहज उलगडेल, कारण ‘दोरे’ म्हणजे राजा वा धनी. तिन्ही इलाख्यांनी गोऱ्या साहेबाच्या पत्नीला मान दिला. पण मुंबईने इंग्रजी शब्द अखंड ठेवून त्याला आपला साहेब जोडला, तर दक्षिणेने सरळ आपल्या घरचा शब्द दिला. पुढे ‘मेमसाहेब’ इंग्रजी कोशातही जाऊन बसली. फ्रान्सहून इंग्लंड, इंग्लंडहून हिंदुस्थान आणि अरबी जोडीदारासह पुन्हा इंग्लंड, असा तो प्रवास आहे.

फ्रेंच रूपही आपल्याकडे स्वतंत्रपणे आले. मुंबईच्या पारशी कुटुंबातील भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे हिंदुस्थानचा ध्वज फडकावला. त्यांचे वास्तव्य पुष्कळ वर्षे पॅरिसमध्ये असल्यामुळे त्या ‘मादाम कामा’ झाल्या. मादाम क्यूरी आणि मादाम कामा या दोघींच्या नावातील ‘मादाम’ आणि शाळेतील ‘मॅडम’ हा मुळात एकच शब्द आहे. एक पॅरिसहून आला, दुसरा लंडनहून, एवढाच फरक.

‘बाई’चे काय झाले?

उसना शब्द घराकडे येतो तेव्हा घरचा शब्द कोठे जातो, हे पाहिले पाहिजे. मराठीत स्त्रीला मान देणारा सर्वांत जुना आणि सर्वांत व्यापक शब्द ‘बाई’. जिजाबाई, येसूबाई, ताराबाई, अहिल्याबाई या राजस्त्रिया ‘बाई’ होत्या. मुक्ताबाई, बहिणाबाई या संतस्त्रिया ‘बाई’ होत्या. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी दासी जनी, तीही जनाबाईच. इंदूरच्या गादीवरील अहिल्याबाईला आणि जात्यावरील जनाबाईला मराठीने एकच मानाचा शब्द दिला, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या कन्नड विभागातील मित्रांकडेही हेच आढळते. वचनकार अक्कमहादेवींच्या नावात ‘अक्का’ आहे आणि १८२४ साली इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या चन्नम्मांच्या नावात ‘अम्मा’ आहे. नाते दाखविणारा शब्दच तेथे मानाचा शब्द होतो. धारवाड-हुबळीकडे तर आपला ‘बाई’ही पोहोचला, गंगूबाई हनगल यांचे नाव सर्वांना माहीत आहे.

संगीताच्या क्षेत्रात या शब्दाचे दोन रंग दिसतात. पेडणे तालुक्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर, केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातील ‘बाई’ आपण आदराने उच्चारतो. उत्तरेकडे मात्र ‘बाई’ म्हणजे कोठ्यावर गाणारी, असा अर्थ रूढ झाला. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली विवाहानंतर ‘बेगम अख्तर’ झाल्या, यामागे ही सामाजिक दृष्टी उभी होती. ‘बेगम’ हाही उसनाच शब्द, मूळचा तुर्की.

आपल्याकडे ‘बाई’ची घसरण वेगळ्या वाटेने झाली. एकोणिसाव्या शतकात ती शाळेत शिकवू लागली. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या. त्यानंतर शंभर वर्षे शिक्षिकेला ‘बाई’ म्हणणे हाच रिवाज राहिला. ‘मास्तर’ आणि ‘बाई’ ही जोडी होती. मास्तरांचे ‘सर’ झाले तशा बाईंच्या ‘मॅडम’ झाल्या. गोव्यात १९६१ नंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या तेव्हा तेथेही ‘बाई’ होत्याच. इंग्रजी शाळांतून ‘टीचर’ ही हाक आली. आणि आता ‘मॅडम’ दोघींच्याही पुढे गेली आहे. मग ‘बाई’ कोठे राहिली? ‘कामाला बाई मिळत नाही’, ‘बाई आली नाही म्हणून भांडी पडली आहेत’, या वाक्यांत. राणीचा आणि दासीचा समाईक शब्द आता बहुतेक दासीकडेच उरला.

‘मॅडम’ का रुजला?

केवळ इंग्रजीचा मोह एवढे उत्तर पुरेसे नाही. मराठीत लेखी व्यवहारात स्त्रीच्या नावामागे काय लावतात ते आठवावे. अविवाहितेला ‘कु.’, सवाष्णीला ‘सौ.’, विधवेला ‘गं. भा.’. पुरुष मात्र जन्मभर ‘श्री.’. स्त्रीला हाक मारण्याआधी तिच्या गळ्यातील मंगळसूत्र पाहावे लागते. ‘श्रीमती’ हा शब्द मराठीत पुष्कळ वर्षे विधवेसाठी वापरला जाई, म्हणून तोही अनेकींना नकोसा वाटे. काकी, मावशी, वहिनी या हाका गोड खऱ्या, पण त्या नाते लादतात. आणि कचेरीत सही करणाऱ्या अधिकाऱ्याला वहिनी कसे म्हणावे?

‘मॅडम’ हा शब्द लग्न विचारीत नाही, वय विचारीत नाही, जात किंवा धर्म विचारीत नाही. पंचवीस वर्षांची अविवाहित तलाठी आणि पंचावन्न वर्षांची विधवा मुख्याध्यापिका दोघीही मॅडमच. इंग्रजीतही ‘मिस’ आणि ‘मिसेस’ यांतून सुटका व्हावी म्हणून ‘मिझ’ ही पदवी पुढे आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका वृत्तपत्रात १९०१ साली तिची सूचना झाली होती. पण त्या नावाचे स्त्रियांचे मासिक १९७२ साली निघाले तेव्हा तिला बळ आले, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती १९८६ साली स्वीकारली. आपल्याकडे तेच काम ‘मॅडम’ने चर्चेशिवाय केले. स्त्रियांना पंचायतीत एकतृतीयांश जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि गावोगावी ‘सरपंच मॅडम’ झाल्या. तेथे ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ यांपेक्षा हा शब्द निश्चितच बरा.

दुसरा पर्यायही आपल्याकडे होता आणि आहे. गोव्याच्या पहिल्या स्त्री-मुख्यमंत्री शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ या काळात अधिकारावर होत्या. लोक त्यांना ‘ताई’ म्हणत. चिपळूणमध्ये जन्मलेल्या सुमित्रा महाजन २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. इंग्रजीतून बोलणारे सभासद त्यांना ‘मॅडम स्पीकर’ म्हणत, हिंदीतून बोलणारे ‘अध्यक्ष महोदया’. इंदूरला त्या ‘ताई’च राहिल्या. केरळ राज्याच्या बालहक्क आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये शिक्षकांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ न म्हणता, स्त्री असो वा पुरुष, ‘टीचर’ म्हणावे असा निर्देश दिला. गोव्याच्या शाळांना त्यात नवे काही वाटू नये.

इंग्रजी लिहिताना

आता विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा भाग. ‘मॅडम’ मराठीत आला तो मराठी व्याकरण अंगावर घेऊन. राव, पंत, बाई, ताई, साहेब हे सारे मानाचे शब्द मराठीत नावानंतर येतात. कन्नडमध्ये ‘अम्मा’ आणि ‘अवरु’ नावानंतरच येतात. म्हणून आपण ‘नाईक मॅडम’ म्हणतो आणि क्रियापद आदरार्थी अनेकवचनी ठेवतो : ‘मॅडम आल्या’. मराठीत हे पूर्णपणे बरोबर आहे. तेच इंग्रजी वाक्यात जसेच्या तसे ठेवले की भारताबाहेरचा वाचक थबकतो. तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली : प्रमाण इंग्रजीत ‘मॅडम’ला आडनाव जोडत नाहीत. आडनाव लिहावयाचे तर आधी मिसेस, मिस, मिझ, डॉक्टर किंवा प्रोफेसर यांपैकी जे योग्य ते लिहावे. विवाहाविषयी माहिती नसेल तर ‘मिझ’ सर्वांत सुरक्षित.

दुसरी : ‘मॅडम’ पदाच्या नावाआधी चालतो. मॅडम स्पीकर, मॅडम प्रेसिडेंट ही रूपे शिष्ट आहेत. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात १९९२ साली बेटी बूथरॉइड या पहिल्या स्त्री-सभापती झाल्या, तेव्हा तेथेही हेच संबोधन रूढ झाले.

तिसरी : पत्राच्या आरंभी ‘डिअर मॅडम’ लिहावे. यातील ‘डिअर’चा अर्थ ‘प्रिय’ असा घेऊन संकोच करण्याचे कारण नाही; तो नुसता रिवाज आहे. आपण ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहितो ते ‘आदरणीय’ या शब्दाचे भाषांतर होय. भारतात ते कोणी चूक मानणार नाही, पण परदेशी पाठवावयाच्या अर्जात टाळावे.

चौथी : आरंभ आणि शेवट यांची जोडी असते. ‘डिअर मॅडम’ने सुरू केलेले पत्र ‘यूअर्स फेथफुली’ने संपवावे, आडनावाने सुरू केलेले ‘यूअर्स सिन्सिअरली’ने.

पाचवी : अधिकारी स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल तर ‘सर ऑर मॅडम’ असे दोन्ही लिहावे. मोठ्या पदावर पुरुषच असणार असे गृहीत धरून नुसते ‘सर’ लिहिणे हा व्याकरणाचा दोष नसेल, पण विचाराचा दोष आहे.

सहावी : इंग्रजी ‘मॅडम’चे स्पेलिंग उलटसुलट कसेही वाचले तरी तेच राहते, ही खूण ठेवली की शेवटी ‘ई’ लावण्याची चूक होणार नाही. शेवटी ‘ई’ असलेले रूप फ्रेंच स्त्रियांसाठी, म्हणजे मादाम क्यूरींसाठी.

समारोप

‘मॅडम’ला हद्दपार करावे असे या लेखाचे म्हणणे नाही. तो आता मराठी झाला आहे, आणि लग्नावरून स्त्रीची प्रतवारी लावणाऱ्या आपल्या जुन्या संक्षेपांपेक्षा तो अधिक न्यायी आहे. पण त्याची एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तो लग्न विचारीत नसला तरी नोकरी विचारतो. एकाच शाळेत शिकविणारी ती मॅडम आणि मुलांचे जेवण रांधणारी ती बाई. एकाच दवाखान्यात तपासणारी ती मॅडम आणि लादी पुसणारी ती मावशी किंवा नुसती ‘ए बाई’. पगारपत्रकातील ओळ बदलली की हाक बदलते. जनाबाई आणि अहिल्याबाई यांना जोडणारा शब्द आपण सोडला, आणि त्या दोघींना वेगळे करणारा घेतला.

याला उपाय शब्दकोशात नाही, पण आपल्या तोंडात आहे. महाविद्यालयाच्या वर्गात आपण प्राध्यापिकांना मॅडम म्हणतो ते चांगलेच आहे. त्याच इमारतीत सकाळी सहा वाजता येऊन वर्ग झाडणाऱ्या स्त्रीचे नाव आपणांस ठाऊक आहे काय, आणि तिला आपण ‘अहो’ म्हणतो की ‘अगं’, एवढे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे. ‘बाई’ या शब्दाला पुन्हा मान मिळावयाचा असेल, तर तो त्या ‘अहो’पासूनच मिळू लागेल.